मोतीबिंदूनंतर येणारी जाळी

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यातले गढूळ भिंग काढतात, पण ते ज्या पातळ, पारदर्शक पिशवीत असते ती पिशवी मुद्दाम राखतात. कृत्रिम भिंग बसवायला तिचाच आधार असतो. या पिशवीचा मागचा पडदा काही महिन्यांनी किंवा वर्षांनी गढूळ झाला, की नजर पुन्हा अंधुक होते. नांदेड-लातूरच्या गावांतून ‘जाळी आली’ किंवा ‘मोतीबिंदू परत आला’ असे म्हणतात. मोतीबिंदू मात्र परत येत नाही. जे भिंग गढूळ झाले होते ते डोळ्यात उरलेलेच नसते.

कितीही काळजीपूर्वक सफाई केली तरी भिंगाच्या काही पेशी पिशवीच्या कडेला राहतात. त्या वाढतात, मागच्या पडद्यावर सरकतात. कुठे त्यांचे पुंजके होतात, कुठे पडद्याला सुरकुत्या पडतात. मग वाचताना अक्षरे पुसट दिसतात, रात्री समोरच्या गाडीचा दिवा पसरून डोळ्यांवर येतो. लहान मुलांमध्ये या पेशी इतक्या जोमाने वाढतात की मागच्या पडद्याला शस्त्रक्रियेतच छिद्र ठेवावे लागते. चौकोनी कडांची भिंगे आल्यापासून हे प्रमाण घटले, पण थांबले नाही.

मराठवाड्यात हा विषय घरोघरचा आहे. लातूर जिल्ह्यातील माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांनी एक लाखाहून अधिक मोतीबिंदू शस्त्रक्रिया केल्या. 2008 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोतीबिंदू शस्त्रक्रियेच्या शिबिरांमुळे खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना नजर मिळाली, हे मोठेच काम. पण जाळी येते ती शिबिर उठून गेल्यावर कितीतरी दिवसांनी. तेव्हा ‘वयच झालं’ म्हणून घरचेही गप्प बसतात आणि काही मिनिटांत परत मिळू शकणारी नजर तशीच अंधुक राहते. शिबिराच्या कागदावर पुढच्या तपासणीची तारीख ठळक लिहिलेली असणे म्हणूनच फार गरजेचे आहे.

उपाय यॅग लेसरचा. पॅरिसच्या दानिएल आरों-रोझा आणि स्वित्झर्लंडचे फ्रान्झ फांकहाउझर यांनी तो 1980 च्या सुमारास रूढ केला. त्याआधी हा पडदा सुईने किंवा छोट्या पात्याने फोडावा लागे. आता थेंब घालून बाहुली मोठी करतात, रुग्ण यंत्रावर हनुवटी टेकवून बसतो आणि लेसरने पडद्याच्या मधोमध छोटी खिडकी पाडतात. टाका नाही, पट्टी नाही. त्याच दिवशी घरी जाता येते. मोठ्या माणसांत ही खिडकी सहसा पुन्हा बंद होत नाही.

लेसरआधी दृष्टिपटल, डोळ्यातला दाब आणि मधुमेहाचे परिणाम तपासावे लागतात, कारण अंधुकपणा त्यांच्यामुळेही असू शकतो. नंतर काही दिवस काळे ठिपके तरंगताना दिसतात. दाब तात्पुरता वाढू शकतो, म्हणून तो पुन्हा मोजतात. क्वचित दृष्टिपटल सुटते. डोळ्यात वीज चमकल्यासारखे वाटले, ठिपके एकदम वाढले किंवा नजरेच्या एका बाजूने काळा पडदा सरकू लागला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.