चुलीला सरकारी मदत : घेण्याआधी काय पाहाल?



सोलापूरच्या सात रस्त्यावर उभं राहिलं की आपली वाट कोणती, हे आधी ठरवावं लागतं. चुलीच्या सरकारी मदतीचंही तसंच आहे. फुकट मिळतंय म्हणून घेऊ नका. घराला काय लागू पडेल ते पाहून घ्या.

आधी मागचा अनुभव ध्यानात घ्या. केंद्र सरकारनं १९८३-८४ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. अनुदान देऊन देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या. २००२ साली केंद्रानं तो बंद केला. तोवर पुष्कळ चुली मोडल्या होत्या. चूल बसवायला पैसा होता, पण धुराडं साफ करायला आणि डागडुजीला कोणी नव्हतं. कुठं घरचं पातेलं चुलीवर बसेना, मग घरातल्या बाईनं जुनीच चूल पुन्हा मांडली. म्हणून चूल निवडताना तिला आधी विचारा. धूर तिच्याच छातीत जातो.

आता मदतीच्या वाटा पाहू.

१) गॅस : २०१६ साली उज्ज्वला योजना निघाली. तिच्यात गरीब घरातल्या बाईच्या नावावर अनामत न भरता जोडणी मिळते. मात्र पुढची टाकी भरायचा खर्च आधीच धरून ठेवा, नाहीतर चूल पुन्हा पेटते.

२) गोबरगॅस : दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. चार-पाच मोठी जनावरं आणि उन्हाळ्यातही पाणी असेल तरच हात घाला. २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्रानं दोन ते चार घनमीटरच्या संयंत्राला सर्वसाधारण गटासाठी १४,३५० रुपये अनुदान ठरवलं होतं. आजचा दर पंचायत समितीच्या कृषी विभागात विचारा आणि मंजुरी हातात आल्यावरच खड्डा खणा. उरलेली मळी शेताला उत्तम खत आहे.

३) चूल आणि अंघोळीचा बंब : ज्यांना वरच्या दोन्ही वाटा जमत नाहीत, त्यांनी अनुदानाची वाट पाहत बसू नये. धुराडं छपराच्या वर काढा, त्यावर टोपी बसवा, महिन्यातून एकदा काजळी झाडा. जळण फोडून, वाळवून घाला. ओल्या लाकडाचा धूर जास्त आणि ताव कमी. तुराट्या, मक्याची बुरकुंडं बंबात चालतात. बंब उघड्यावर ठेवा, खालची राख रोज काढा आणि पाणी भरल्याशिवाय कधीही पेटवू नका.

थोडक्यात, अनुदान एकदाच मिळतं, निगा मात्र रोज राखावी लागते. हे पत्रक घरात सर्वांना वाचून दाखवा आणि जपून ठेवा.