थरथरणाऱ्या मशीनवर उभं राहून काय मिळतं?

तालुक्याच्या बाजारात हल्ली एक मशीन दाखवायला ठेवलेलं असतं. वजनकाट्यासारखी पाटी, समोर धरायला दांडा. बटण दाबलं की पाटी थरथरते आणि वर उभी राहिलेली बाईही थरथरते. विकणारा सांगतो, दहा मिनिटं उभ्या राहा, पोट उतरेल, गुडघे थांबतील, हाडं मजबूत होतील. आमच्या गटांमधून याबद्दल इतक्या जणींनी विचारलं, की आम्ही ठरवलं, यावर नीट वाचून बोलू.

आधी हे चालतं कसं ते बघू. डॉक्टर गुडघ्याखाली रबरी हातोडी मारतात तेव्हा पाय आपोआप उडतो. आपण उडवत नाही. स्नायू एकदम ताणला गेला की तो स्वतःच आखडतो, तसाच त्याचा स्वभाव. ही पाटी सेकंदाला साधारण २० ते ५० वेळा हलते, तीही काही मिलिमीटरच. दर झटक्याला पायाचा आणि मांडीचा स्नायू थोडा ताणतो आणि आखडतो. म्हणजे आपण उभ्या असलो तरी स्नायूंना काम पडतं. विकणाऱ्याचं इथपर्यंतचं बोलणं खरं आहे.

ही कल्पना नवीही नाही. फ्रान्समधले डॉक्टर शार्को यांनी एकोणिसाव्या शतकात पाहिलं, की कंपवाताच्या रुग्णांना आगगाडीचा लांब प्रवास झाला की बरं वाटतं. म्हणून त्यांनी हलणारी खुर्चीच करून घेतली होती. पुढे सोव्हिएत रशियात खेळाडूंच्या सरावात कंपनाचा वापर झाला.

आता हाडांचं. पाळी गेल्यानंतर आपली हाडं झपाट्यानं विरळ होतात, त्यामुळे हा प्रश्न आपल्या घरचाच आहे. बेल्जियममध्ये पाळी गेलेल्या ७० बायकांवर सहा महिने अभ्यास झाला, तो २००४ साली छापून आला. मशीनवर व्यायाम करणाऱ्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता एक टक्क्याच्या आसपास वाढली, पायांची ताकदही वाढली. पण त्या बायका नुसत्या उभ्या नव्हत्या. पाटीवर अर्ध्या बैठका काढत होत्या. उलट कॅनडात २०२ बायकांवर अभ्यास झाला, त्यातल्या बऱ्याच जणी वर्षभर रोज २० मिनिटं अगदी सौम्य थरथरीच्या पाटीवर नुसत्या उभ्या राहिल्या, बाकीच्या राहिल्या नाहीत. २०११ साली निकाल आला: हाडांच्या घनतेत फरक नाही. म्हणजे हाडांसाठी हमी कुणी देत असेल तर ऐकून घ्या आणि पुढे चला.

पोट उतरण्याचं तर सोडूनच द्या. नुसतं उभं राहून फार कमी शक्ती खर्च होते. हादऱ्यांनी चरबी वितळली असती तर आपल्या रस्त्यांवरून रोज एसटीनं ये-जा करणाऱ्या सगळ्याजणी बारीक झाल्या असत्या!

खरा उपयोग दिसतो तो वयस्कर आणि अशक्त माणसांना. ज्यांना चालणं, उठबस जमत नाही, त्यांच्या पायांत थोडी ताकद येऊ शकते, तोलही सुधारू शकतो. मात्र फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली. गुडघे किंचित वाकवून उभं राहायचं असतं. ताठ उभ्या राहिलात तर हादरा थेट डोक्यापर्यंत जातो. एका वेळी अर्धा ते एक मिनिट, मग विश्रांती.

आणि काही जणींनी यावर चढूच नये. गरोदर बाई, नुकतंच ऑपरेशन झालेली किंवा हाड मोडलेली, हृदयाला पेसमेकर असलेली, फिट येणारी, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली, पित्ताचे किंवा मूतखडे असलेली, नुकतीच तांबी बसवलेली. बाजारात यातलं काही विचारतात का? आम्ही दोनदा उभ्या राहून बघितलं. एकदाही कुणी विचारलं नाही. आणखी एक: दिवसभर ट्रॅक्टर चालवणाऱ्यांची कंबर का धरते? कंपनामुळेही. जास्त वेळ घेतलं तर हेच औषध अपाय करतं.

आमच्या एका गटात या मशीनसाठी पंधरा हजारांच्या कर्जाचा अर्ज आलेला आहे. गुडघेदुखीनं ती ताई रात्री झोपत नाही, त्यामुळे तिला हसण्यावारी नेऊ नका. आमचं मत असं: अंतर्गत कर्ज शेळीला द्या, शिलाई मशीनला द्या, तिच्या गुडघ्याच्या तपासणीलाही द्या. या पाटीला देऊ नका. हप्ते बारा महिने चालतील आणि मशीन दिवाळीपर्यंत पलंगाखाली जाईल.

गुडघ्यासाठी घरी करण्यासारखं आहे. खाटेवर बसा, एक पाय समोर सरळ करा, मनात दहा आकडे मोजा, खाली घ्या. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. मग खुर्चीवरून हात न टेकता उठा आणि हळू बसा, जमेल तितकं, पाच वेळा झालं तरी पुष्कळ. भिंत धरून टाचा उचला. एक दिवसाआड करा. दुखणं वाढलं, गुडघा सुजला किंवा गरम लागला तर थांबा आणि आधी डॉक्टरांना दाखवा. पुढच्या बैठकीत हजेरी झाली की सगळ्याजणी मिळून एकदा करून बघा. वयस्कर बायकांची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे मागे सरकणार नाही.