रेल्वेतील कामाची हद्द : साहेब, कामगार आणि बोरघाट

अमेरिकेतील रेल्वेत एखाद्या अधिकाऱ्याने कामगाराच्या वाट्याचे काम परस्पर उरकले, तर ज्याला कामावर बोलावले गेले नाही तो कामगार घरी बसूनही त्या दिवसाच्या मजुरीवर दावा सांगू शकतो. कारण कोणते काम कोणत्या वर्गाचे याचे कलम तेथील संघटनेच्या करारातच असते आणि अशा तंट्यांसाठी १९२६च्या रेल्वे कामगार कायद्यात १९३४ साली दुरुस्ती करून स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. भारतीय रेल्वेत करारातले असे कुंपण नाही. येथे ही हद्द मंजूर पदे, सक्षमता प्रमाणपत्र आणि कामाचे तास यांच्या आधाराने आखली जाते, आणि हा आधार वाटतो तितका भक्कम नाही.

यातली सक्षमतेची अट घाटात स्पष्ट दिसते. पुणे–लोणावळा मार्गालगतच्या परंदवडीसारख्या गावातील प्रवाशाला लोकलचा मार्ग सपाट आणि सोपा वाटतो. खरी परीक्षा लोणावळ्यापलीकडे, १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटात असते. तेथे सदतीस फुटांमागे एक फूट चढ आहे, त्यामुळे वर येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी ‘बँकर’ इंजिने जोडावी लागतात, तर उतरणाऱ्या गाडीला कॅच साइडिंगपाशी, म्हणजे बेताल सुटलेली गाडी अडवण्यासाठी बांधलेल्या चढाच्या फाट्यापाशी, थांबून ताबा सिद्ध करावा लागतो. मार्गाची ओळख करून घेतल्याखेरीज, रेल्वेच्या भाषेत ‘लर्निंग रोड’ झाल्याखेरीज, चालकाला येथे गाडी मिळत नाही, मग साहेबाची गोष्टच सोडा. मात्र चालकांवर देखरेख करणारा लोको इन्स्पेक्टर हा बहुधा चालकांतूनच वर आलेला असतो. त्याच्यापाशी कौशल्य कामगाराचे आणि जबाबदारी प्रशासनाची असते, आणि संपाच्या दिवसांत प्रशासनाची नजर साहजिकच अशा माणसांकडे वळते.

संपाच्या काळात ही हद्द सर्वांत ठळक दिसते. १८९९ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या सिग्नलरांनी, म्हणजे तारयंत्रावर संदेश देणाऱ्या-घेणाऱ्या कर्मचाऱ्यांनी, संप केला तेव्हा टिळकांच्या ‘केसरी’ व ‘मराठा’ने त्यांची बाजू लावून धरली. १९७४च्या संपाचा आवाका कितीतरी मोठा होता. जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली ८ मेपासून सुमारे १७ लाख कामगार उतरलेल्या या लढ्यात बोनस व वेतनाबरोबर आठ तासांच्या दिवसाचीही मागणी होती. सरकारने संप बेकायदा ठरवला, प्रादेशिक सेना बोलावली, आणि तीन आठवड्यांच्या आत तो मागे घेतला गेला. संपात कामावर राहिलेल्या ‘निष्ठावंतां’च्या मुलांना पुढे नोकऱ्या मिळाल्या, त्यामुळे रुळांवरची फूट घराघरांत उतरली.

शांततेच्या काळात या हद्दीची होणारी झीज मात्र नजरेत भरत नाही. रेल्वे कायदा १९८९ प्रमाणे ‘सतत’ कामाच्या वर्गाला आठवड्याला सरासरी ५४ आणि ‘सघन’ वर्गाला ४५ तासांची मर्यादा आहे. नियमांनी पर्यवेक्षक ठरलेले कर्मचारी मात्र ‘वगळलेल्या’ वर्गात येतात आणि ही मर्यादा त्यांना लागू होत नाही. हातोडा-पाना घेऊन रुळाच्या चाव्या ठोकत जाणाऱ्या कीमनचे काम पर्यवेक्षकाने उरकले, तर गाडी वेळेवर सुटते, पण ते काम तासांच्या हिशेबातून निसटते आणि रिकामे पद भरण्याची निकडही ओसरते. १९५२पासून चालत आलेल्या कायमस्वरूपी वाटाघाटी यंत्रणेत संघटना हा प्रश्न नेते तेव्हा, ‘आमचे काम साहेबांनी केले’ असे म्हणण्यासाठी तिच्या हाती करार नसल्याने, तक्रार रिक्त पदांच्या नावाने मांडावी लागते.