पाना उचलण्याआधी

क्रेट वाहून वाहून हौद्याचा पत्रा चेपलेली, एका अंगाला कललेली पिकअप महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाजार समितीबाहेर दिसते. अशी एखादी गाडी घरच्या शेडमध्ये कायमची बसली की घरातल्या कुणाला तरी वाटतं, हिला आपणच चालू करू. मग सल्ले सुरू होतात. चहाच्या टपरीवरचे, भावकीतले, समोरच्या गॅरेजवाल्याचे. त्यातले निम्मे बरोबर असतात. पण नेमके कुठले, ते नवख्याला कळत नाही.

पहिला सल्ला बहुधा धीर देणारा असतो: "जुनी गाडी आहे, तिच्यात आहेच काय बिघडायला?" यात तथ्य आहे. टेल्कोने १९८८ मध्ये टाटामोबाइल २०६ ही पिकअप आणली, १९४८ सीसीच्या डिझेल इंजिनाची. पुढे १९९१ ची सिएरा याच गाडीच्या पायावर उभी राहिली, आणि पिकअपच्या घराण्यात २०७ आली. महिंद्राच्या त्या काळच्या गाड्यांत प्यूजोच्या रचनेचं एक्सडीपी इंजिन असे किंवा कंपनीचं एमडीआय. या इंजिनांत डिझेल मोजून देणारा पंप पूर्णपणे यांत्रिक. कॉम्प्युटर नाही, सेन्सरांचं जाळं नाही. बहुतेक कामं साध्या पान्यांच्या आणि गोट्यांच्या सेटवर होतात.

पण भाग कमी म्हणजे दोष सापडणं सोपं, असं नव्हे. नव्या गाडीला स्कॅनर लावला तर ती निदान एखादा कोड तरी दाखवते. जुनी गाडी फक्त आवाज करते, धूर सोडते, तापते, गळते, आणि त्यावरून अंदाज बांधणाऱ्यानं बांधायचा. नवखा माणूस फसतो तो इथे. बोल्ट सोडवता येतो, म्हणून तो सोडवून टाकतो. कशासाठी सोडवला हे नंतर शोधतो.

याचं रोजचं उदाहरण म्हणजे सेल्फ. किल्ली फिरवली, नुसतं "टक" वाजलं, की बघ्यांपैकी कुणीतरी निकाल देतो, "बॅटरी गेली." चारपाच हजारांची नवी बॅटरी येते, दोन दिवस गाडी बरी चालते आणि पुन्हा "टक". जुन्या गाडीत अनेकदा बॅटरी निर्दोष असते आणि गुन्हेगार असते अर्थिंगची पट्टी. ही इंजिन आणि चेसी यांना जोडते, आणि वीस पावसाळ्यांत तिच्या बोल्टखाली गंज साचतो. सेल्फला दीडदोनशे अँपियर किंवा त्याहून जास्त करंट लागतो. हेडलाइट लागण्यापुरती वाट त्या गंजातून मिळते, सेल्फपुरती मिळत नाही.

हे ओळखायला काहीशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीत १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. इंजिन चालू असताना १४ च्या आसपास दिसले तर डायनमो चार्ज करतोय. आता गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या स्वच्छ लोखंडावर, आणि दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगायचं. काटा पाव व्होल्टपर्यंत राहिला तर अर्थिंग ठीक. एक-दोन व्होल्ट दिसले, तर पट्टी काढून दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासली की काम संपलं. त्या बॅटरीवाल्याचा धंदा तेवढा बुडतो.

"पंप गेला" हे वाक्य याहून महाग पडतं. टाकीतलं डिझेल एकदा पूर्ण संपलं, किंवा हौसेनं डिझेल फिल्टर बदलला, की पाइपमध्ये हवा शिरते. डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. त्यामुळे पंप कितीही धडपडला तरी नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. गॅरेजच्या भाषेत गाडीने "एअर घेतली". उपाय शंभर टक्के घरचा आहे. फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू सैल करायचा, हातपंप दाबत राहायचं, फेसाळ डिझेल येणं थांबून बुडबुड्याशिवाय धार लागली की स्क्रू बंद. मग तेच पंपावरच्या स्क्रूला. तरीही सुरू झाली नाही तर नोझलच्या पाइपांचे नट थोडे सैल करून सेल्फ मारायचा आणि डिझेल दिसू लागलं की ते पुन्हा घट्ट करायचे. वारंवार एअर घेत असेल, तर टाकीपासून फीडपंपापर्यंतचा रबरी पाइप तडकला आहे का ते पाहावं. तिथे डिझेल ओढलं जातं, म्हणून गळती बाहेर दिसत नाही, हवा मात्र आत जाते.

इथे एक इशारा, आणि तो थट्टेत घेण्यासारखा नाही. नोझलमधून डिझेल शंभराहून अधिक बारच्या दाबाने सुटतं. ते हाताने अडवून पाहणारे मिस्त्री आहेत. एवढ्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, आत मात्र ऊती मरू लागतात आणि शस्त्रक्रिया तातडीने करावी लागते. म्हणून सैल नटांजवळ बोटं न्यायची नाहीत. पंप खोलायचा तर नाहीच. त्याचं मोजमाप टेस्ट बेंचवर होतं, आणि ते बेंच असलेल्या पंप-नोझलच्या दुकानातच तो द्यावा. कुठलं काम आपलं आणि कुठलं नाही, याची रेषा जुन्या डिझेल गाडीत बऱ्यापैकी याच पंपाच्या कव्हरवरून जाते.

धुराबद्दलचे समज एका दमात सांगून टाकावेत. काळा धूर दिसला की "इंजिन काम निघालं" म्हणतात. बहुतेक वेळा एअर फिल्टर तुंबलेला असतो किंवा नोझल नीट फवारा मारत नसतो. निळा धूर ऑइल जळण्याचा, त्याची काळजी करावी. पांढरा धूर थंडीत सुरुवातीला आला तर ते न जळलेलं डिझेल असतं, एखादा हीटर प्लग गेलेला असू शकतो. पण गाडी तापल्यावरही पांढरा धूर येतोय आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय, तर हेड गॅसकेटकडे बघावं. आणि नुकतंच बदललेलं इंजिन ऑइल आठवड्यात काळं पडलं म्हणून दुकानदाराशी भांडू नये. डिझेल इंजिनात काजळी तयार होतेच आणि ती धरून ठेवणं हे त्या ऑइलचं कामच आहे.

आता मराठी मुलखातल्या गॅरेजांचा सर्वांत लाडका उपाय. गाडी घाटात तापते, तर "थर्मोस्टॅट काढून टाक, आपल्याकडे थंडी आहेच कुठे." जुन्या पिकअप खोलल्यावर अनेकींत थर्मोस्टॅटची जागा रिकामी सापडते. तर्क वरवर पटतो: अडथळा गेला, पाणी मोकळं फिरणार, इंजिन थंड राहणार. प्रत्यक्षात थर्मोस्टॅट हा बाहेरच्या हवेसाठी नसतो, इंजिनसाठी असतो. साधारण ८० अंशांपलीकडे तो उघडतो, तोवर पाणी इंजिनातच फिरवून त्याला लवकर कामाच्या तापमानाला आणतो. तो काढला की इंजिन बराच वेळ गार चालतं, ऑइल जाड राहतं, डिझेल अर्धवट जळतं, सिलिंडर जास्त झिजतो आणि अ‍ॅव्हरेज पडतं. त्यातही काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. अशा इंजिनातून तो काढला तर बरंचसं पाणी रेडिएटरला बगल देऊन परत इंजिनात जातं, आणि चढावर गाडी आधीपेक्षा जास्त तापते! म्हणजे रोग तोच, औषधाने वाढलेला.

मग तापण्याचं खरं कारण काय? अनेकदा पाणीच. विहिरीचं किंवा बोअरचं क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षं ओतल्याने रेडिएटरच्या नळ्यांत चुनखडी बसते. कूलंट ही गोऱ्या साहेबाची चैन आहे असं समजणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: त्यातलं ग्लायकॉल उत्कलनबिंदू थोडा वाढवतं, पण आपल्याकडे त्याहून महत्त्वाची आहेत ती त्यातली गंजरोधक रसायनं. दुसरं दुर्लक्षित कारण म्हणजे रेडिएटरचं झाकण. ते कुकरच्या शिट्टीसारखं दाब धरतं. ०.९ बारचं झाकण नीट बसलं तर आतलं साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं की दाब सुटतो, पाणी शंभराला उकळायला लागतं आणि खंबाटकी घाटाच्या अर्ध्यावर गाडी वाफ सोडते. नवं झाकण दोनतीनशे रुपयांत मिळतं. गाडी गरम असताना मात्र ते उघडायचं नाही. उकळत्या पाण्याचा तो फवारा तोंडावरच येतो.

"जेवढं घट्ट तेवढं पक्कं" हा समज मात्र ताकदवान माणसांना नडतो. बोल्ट थोडा ताणला जाऊन स्प्रिंगसारखा धरतो. प्रमाणाबाहेर आवळला की त्याचा ताण कायमचा निघून जातो किंवा आटेच जातात. हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळायचे असतात. पुढच्या चाकाचं टेपर बेअरिंग करकचून आवळलं तर तापून जळतं. आधी बसवून मग ठरलेली किंचित ढिलाई द्यावी लागते. टॅपेटचंही तसंच. "टिकटिक बंद कर" असं गिऱ्हाईक सांगतं, पण टॅपेटमधलं अंतर शून्यावर आणलं तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याची कड जळते. थोडी वाजणारी गाडी चालेल. मुकी झालेली टॅपेट जास्त महागात पडते. अंतर किती ते कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, मोजायला फिलर गेज लागतं, आणि "पुस्तक वाचून कुठे गाडी दुरुस्त होते" म्हणणाऱ्या उस्तादाच्या खणातही ते मॅन्युअल बहुधा सापडतं.

ब्रेकच्या बाबतीत काटकसर आणि अंदाज दोन्ही बंद. ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल किंवा डिझेल घालून वेळ मारून नेणारे आहेत. खनिज तेलाने आतले रबरी वॉशर फुगतात आणि ब्रेक अडकतात किंवा जातात. डॉट ३ फ्लुइड नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतला ओलावा ओढतं आणि मुरलेल्या अवस्थेत हीच मर्यादा १४० पर्यंत खाली येते. उतारावर भरल्या गाडीचे ब्रेक तापले की फ्लुइडची वाफ होते आणि पेडल फळीपर्यंत जातं. म्हणून फ्लुइड दिसायला स्वच्छ असलं तरी दोन वर्षांत बदलावं. ड्रम काढल्यावर आतली धूळ फुंकर मारून उडवण्याची सवय तर मोडायलाच हवी: जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसावं.

जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, उचलून धरण्यासाठी नसतो. खाली शिरण्याआधी स्टँड किंवा भक्कम लाकडी ओंडके. विटा, दगड नकोत, ते फुटतात.

पिकअपवाल्यांचा खास समज पाट्यांचा: दोन पाटे वाढवले की गाडीची ताकद वाढली. वाढतं ते फक्त स्प्रिंगचं कडकपण. अ‍ॅक्सल, ब्रेक, चेसी, टायर होते तेवढेच राहतात, आणि रिकामी गाडी खड्ड्यात उड्या मारू लागते. कागदावरची क्षमताही बदलत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आहे, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. गाडी कलली असेल तर पाटे वाढवण्याआधी तुटलेला पाटा आणि खिळखिळे बुश शोधावेत.

एवढं सगळं करायचं, आणि "१५ वर्षं झाली की गाडी भंगारातच जाते ना?" असं कुणीतरी विचारतं. ही भीती दिल्ली परिसरातल्या १० वर्षांच्या डिझेल गाड्यांच्या बातम्यांतून आणि १ एप्रिल २०२३ पासून सरकारी गाड्यांना लागू झालेल्या १५ वर्षांच्या मर्यादेतून आली आहे. महाराष्ट्रातल्या खासगी मालकाच्या गाडीला हे आपोआप लागू होत नाही. माल वाहणाऱ्या गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावं लागतं. जुन्या गाडीची फी वाढली आहे, हरित कर आहे. खर्च वाढतो, गाडी मरत नाही. मात्र दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलं तर आरटीओत त्याची नोंद हवीच, नाहीतर फिटनेसला इंजिन नंबर जुळत नाही.

शिकण्यासाठी मोठ्या शहरात जावं लागतं, हाही एक गैरसमज. आयटीआयचा मेकॅनिक डिझेल हा ट्रेड एका वर्षाचा, मेकॅनिक मोटर व्हेइकल दोन वर्षांचा. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. काम करत शिकणं ही तिथली पद्धत, आणि जुन्या जीपचे भाग वापरून 'मेकबुल' नावाचा छोटा ट्रॅक्टर तिथे तयार झाला. कोर्स शक्य नसेल तर गावातल्या मिस्त्रीकडे रविवारी हाताखाली उभं राहावं.

पार्ट आणायला पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला जाताना जुना पार्ट पिशवीत सोबत न्यावा. गाडीचं नाव आणि वर्ष सांगून भागत नाही. वीस वर्षांत कुणी कुठल्या गाडीचं काय बसवलंय, ते आरसी बुकात लिहिलेलं नसतं. दुकानदार जुना पार्ट हातात घेतो, उलटासुलटा करतो, मोजतो आणि मगच शिडी लावून वरच्या फळीवरचा खोका काढतो.