लिऊव्हिल अनुरूप क्षेत्र सिद्धांत

लिऊव्हिल अनुरूप क्षेत्र सिद्धांत हा दोन मितींमधील एक पुंज क्षेत्र सिद्धांत आहे. १९व्या शतकातील फ्रेंच गणितज्ञ जोसेफ लिऊव्हिल यांच्या समीकरणावरून त्याला हे नाव मिळाले. पृष्ठभागावरील लांबीचे माप कोणत्या बिंदूपाशी किती ताणले असता वक्रता सर्वत्र सारखी व ऋण होईल, हे त्या समीकरणातून कळते. पुंज सिद्धांतात ताणाचे हे प्रमाण स्वतःच चढउतार पावणारे क्षेत्र बनते.

स्ट्रिंग सिद्धांताशी संबंध

काळाच्या ओघात कणाचा मार्ग रेषा आखतो, तर स्ट्रिंगचा मार्ग पृष्ठभाग. अभिजात सिद्धांतात या पृष्ठभागावरील मापाच्या ताणाला भौतिक अर्थ नसतो. पुंज पातळीवर मात्र ही सममिती सहसा मोडते, आणि हे अलेक्झांडर पोल्याकोव्ह यांनी १९८१ मध्ये दाखवले. या बिघाडाचे माप म्हणजे केंद्रीय प्रभार. बोसॉनिक स्ट्रिंगमध्ये अवकाशकाळाची प्रत्येक मिती त्यात १ ची भर घालते आणि 'भूत' म्हणवली जाणारी सहायक क्षेत्रे २६ वजा करतात. त्यामुळे २६ मितींत हिशेब शून्यावर येतो व ताणाचे क्षेत्र गणनेतून गळते. मिती कमी असल्यास उरलेली तूट लिऊव्हिल क्षेत्र भरून काढते, म्हणजे ते जणू एक जादा मितीच ठरते.

हा मार्ग सर्वत्र सुकर नाही. द्रव्याचा केंद्रीय प्रभार १ पर्यंत असेल तर सिद्धांत नीट चालतो. १ ते २५ यांच्या दरम्यान त्याचा मूळ प्राचल संमिश्र संख्या होतो. चार मितींची स्ट्रिंग नेमकी याच अडचणीच्या पट्ट्यात येते.

तीन बिंदूंचे सूत्र

तीन बिंदूंवरील सहसंबंध ठाऊक झाले की सममितीच्या आधारे उरलेले सहसंबंध रचता येतात. हाराल्ड डोर्न व हान्स-यॉर्ग ओटो यांनी, आणि स्वतंत्रपणे अलेक्झांडर व अलेक्सी झामोलोद्चिकोव्ह या बंधूंनी, १९९०च्या दशकाच्या मध्यात त्यांचे सूत्र मांडले. ते सिद्ध केलेले नव्हते. काही विशेष स्थितींत मिळणाऱ्या उत्तरांवरून बांधलेला तो तर्क होता. पडताळणीत तो टिकत गेला आणि त्याच्या आधारे पुष्कळ काम उभे राहिले. २००९ मध्ये लुईस आल्दाय, डाव्हिडे गायोटो आणि युजी ताचिकावा यांनी लिऊव्हिल सहसंबंधांचे चार मितींतील काही अतिसममित गेज सिद्धांतांशी नाते सुचवले, तेव्हाही सूत्राची काटेकोर सिद्धता उपलब्ध नव्हती. संभाव्यताशास्त्राच्या साहाय्याने ती अँटी कुपियाइनेन, रेमी रोड्स व व्हिन्सेंट व्हार्गास यांनी दिली. त्यांचा शोधनिबंध २०२० मध्ये प्रकाशित झाला.