लेकीच्या गावी, सोळा पायऱ्यांपाशी

मंडळी, लेक परदेशी नांदत असली की आईबापांना एकदा तरी बोलावणं येतंच. आम्हांला मॉरिशसहून आलं. जावई म्हणाले, "समुद्रकिनारे दाखवतो." आता कोकणातल्या माणसाला समुद्राचं काय कौतुक! पण पोर्ट लुईच्या बंदरात त्यांनी दाखवलं, ते सांगण्याजोगं आहे.

त्या जागेला आप्रवासी घाट म्हणतात. दगडी सोळा पायऱ्या, आत स्वयंपाकघराचे, दवाखान्याचे अवशेष. झालं असं, की मॉरिशसमधली गुलामगिरी १८३५ मध्ये उठली. ती उठणार हे दिसताच, १८३४ पासूनच, उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेऊ लागले. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं गेली. पुष्कळशी बिहारची, मद्रासकडची. पण मुंबई बंदरातून आपलीही गेली. बोटीतून उतरलेल्यांची नोंद करून मळ्यांवर पाठवणी करायची, त्यासाठी हा तळ १८४९ मध्ये उभारला. २००६ मध्ये तो जागतिक वारसा ठरला.

गुरुजी, तुमच्या उपयोगाची गोष्ट पुढेच आहे. प्रत्येक मजुराला एक क्रमांक मिळे. वहीत नाव, बापाचं नाव, वय, उंची, जिल्हा, गाव, सारं लिहीत. त्या वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत. वंशजांना तिथून उतारा मिळतो.

लेकीच्या शेजारच्या आजींनी असाच एक उतारा पुढे केला. त्या क्रिओल बोलतात. मराठी राहिली ती गणपतीच्या आरतीपुरती. त्यांच्या पणज्याचा जिल्हा स्वच्छ वाचता आला: रत्नागिरी. गाव मात्र लागेना! कारकुनानं कानावर पडलं तसं रोमन लिपीत उतरवलेलं. त्या लिपीत 'त' आणि 'ट' एकच, 'द' आणि 'ड' एकच. 'अ' की 'आ' तेही कळत नाही. एका नावाची चार गावं होतात. तालुका म्हणून जे लिहिलंय, ते तर मला वाचताच आलं नाही.

आजी म्हणाल्या ते लेकीनं मराठीत सांगितलं: "गाव सापडलं तर मला मूठभर माती पाठवा."

मी परत येऊन तीन गावांच्या शाळांना पत्रं घातली आहेत. एका गुरुजींचं उत्तर आलं, की जुनी कागदपत्रं पाहून कळवतो. दोन उत्तरं यायची आहेत.