रक्ताच्या कागदावरचा आकडा

लग्नाला पुष्कळ वर्षे झाली, तरी घरात पाळणा हलला नाही, तर आता दवाखान्यात उपचार होतात. बाईचे बीज आणि पुरुषाचे बीज शरीराबाहेर, काचेच्या बशीत एकत्र आणतात. गर्भ तयार झाला की तो बाईच्या गर्भपिशवीत ठेवतात. लोक याला टेस्ट ट्यूब बेबी म्हणतात. असे पहिले मूल १९७८ साली इंग्लंडात जन्मले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९८६ साली अशी मुलगी जन्मली.

गर्भ पिशवीत ठेवला म्हणजे रुजलाच, असे नाही. मग कळणार कसे? सुमारे दोन आठवड्यांनी बाईचे रक्त तपासतात.

रक्तात काय पाहतात? हार्मोन. हार्मोन म्हणजे शरीरातला निरोप्या. गर्भ रुजू लागला की त्याच्या भोवतीचे आवरण एक हार्मोन सोडते. त्याचे नाव एचसीजी. ते बाईच्या शरीराला कळवते, "गर्भ आला आहे, पाळी येऊ देऊ नका."

कागदावर त्याचा आकडा येतो. इथेच घोटाळा होतो. दुसरीचा आकडा ३००, आपला १००, म्हणून घरात रडारड सुरू होते. अहो, एकीचा गर्भ एक दिवस आधी रुजतो, दुसरीचा नंतर. तेवढ्याने आकड्यात फरक पडतो. फारच लहान आकडा असला तर आशा कमी, हे खरे. पण रोपाची उंची एकदाच मोजून ते वाढतेय का, हे कोण सांगेल?

म्हणून दोन दिवसांनी पुन्हा रक्त घेतात. गर्भ नीट असला तर सुरुवातीला आकडा दोन-तीन दिवसांत दुप्पट होतो. आज १००, तर परवा २०० च्या आसपास. जरा कमी वाढला तरी लगेच हाय खाऊ नये. उतरतच गेला, तर मात्र तो गर्भ टिकत नाही. तुम्हाला आता अंक वाचता येतात. दोन्ही तारखा आणि दोन्ही आकडे स्वतः पाहा. पण आकडा लहान दिसला म्हणून आपल्या मनाने औषध बंद करू नका.

घरी घाईने लघवी तपासण्यातही अर्थ नाही. बीज पिकवायला जे शेवटचे इंजेक्शन देतात, त्यात पुष्कळदा हेच हार्मोन असते. ते काही दिवस अंगात राहते, आणि खोटीच आशा लागते.

आकडा रेंगाळला तर जपायला हवे. कधी गर्भ पिशवीत न रुजता गर्भनळीत रुजतो. तिथे वाढायला जागा नाही. नळी फुटली तर पोटात रक्त सांडते, बाईचा जीव जाऊ शकतो. ओटीपोटात जोराची कळ, खांद्यात दुखणे, घेरी, अंगावरून रक्त, यातले काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ नंबरला फोन करा, दवाखाना गाठा. आकडा चांगला असला तरीसुद्धा!

शेवटच्या पाळीपासून मोजून सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करतात. तीत गर्भाच्या हृदयाची धडधड दिसली, की डॉक्टर सहसा हा आकडा पुन्हा मागत नाहीत.